फुस्तातचे रब्बी

रब्बी म्हटले की आपल्यापैकी अनेकांना यहुद्यांचा पुजारी आठवतो. ते बरोबर नाही. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे त्यांचे इबादतगाह उद्ध्वस्त झाले, पुजाऱ्यांचे काम संपले आणि कौमची धुरा विद्वानांकडे आली. रब्बी म्हणजे शिक्षक. लोक मसला विचारतात, तो ग्रंथांच्या आधारे जवाब देतो. आपल्या मुफ्तींचेच काम म्हणा ना!

या कामाचे ओझे समजून घ्यायचे तर आम्हाला मूसा बिन मैमून आठवतात. जन्म कुर्तुब्याचा. मुवाह्हिद राज्यकर्त्यांच्या सक्तीमुळे घराण्याला वतन सोडावे लागले, हे आपण लपवू नये. आसरा मिळाला तो मिसरमध्ये, तेही मुसलमानांचेच राज्य.

दीनी इल्म विकून पोट भरणे त्यांना मंजूर नव्हते. धाकटा भाऊ दाऊद व्यापार करून घर चालवी, मूसा अभ्यास करीत. एका सफरीत दाऊद हिंदी महासागरात बुडाला. घरची पुंजी गेली, लोकांची अमानतही गेली. मागे बेवा आणि लहान मुलगी. मूसा सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले. भावाचे हस्ताक्षर दिसले की काळीज हलते, असे त्यांनी कित्येक वर्षांनी एका पत्रात कळवले.

मग हकिमी हाच रोजगार झाला. ११९९ च्या एका पत्रात त्यांनी आपली दिनचर्या लिहिली आहे. सकाळी फुस्तातहून काहिराला, सुलतानांच्या महालात. दुपारनंतर भुकेले परतावे, तर अंगणात यहुदी, मुसलमान, दोस्त, दुश्मन सगळे खोळंबलेले. त्यांची माफी मागून चार घास खायचे; दिवसभरातले तेवढेच. रात्री थकून आडवे पडल्या पडल्या औषधे सांगायची. शनिवार सुट्टीचा, पण त्या दिवशी कौम दारात!

अशा माणसाकडे ओबद्या नावाच्या एका नवयहुद्याचा प्रश्न आला. मुसलमान मूर्तिपूजक नाहीत, असे तो म्हणाला होता. त्यावर उस्तादाने त्याला मूर्ख ठरवून लाजवले होते. मूसांनी सविस्तर जवाब लिहिला: मुसलमान खुदाला एकच मानतात, त्यांच्या तौहीदमध्ये खोट नाही. ज्यांच्या राज्यकर्त्यांनी आपल्याला घराबाहेर काढले, त्यांच्याविषयी ही गवाही! शिवाय उस्तादालाही सोडले नाही. तू शागीर्द असलास तरी त्याने तुझी माफी मागावी, असे ओबद्याला कळवले.