परदेशातले तास आणि इथला हिशेब

कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, हातात पडण्यासाठी भारतात किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यामुळे खर्चाचं गणित तासाच्या दराभोवती फिरतं. दरात हजार रुपयांचा फरक पडला की एकूण खर्च दोन लाखांनी कमी-जास्त होतो. परदेशी प्रशिक्षणाची ओढ इथूनच सुरू होते.

कोल्हापुरात उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झाला. पायलट होऊ पाहणाऱ्या इथल्या मुलामुलींसमोर आज सव्वाशे किलोमीटरच्या आत बेळगावचं सांबरा आहे, त्यापुढे बारामती आणि थेट विदर्भात गोंदिया. तरीही अनेक जण अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेची वाट धरतात. विमानाच्या भाड्याइतकंच त्याला वेळ हेही कारण आहे. शिकाऊ वैमानिक मुख्यतः नजरेच्या भरवशावर उडतो. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या कडेला ढग खाली उतरले की उड्डाणं थांबतात. विमान, इन्स्ट्रक्टर किंवा परीक्षक यांपैकी काहीही कमी पडलं तरी तास भरत नाहीत. व्याज मात्र चालूच राहतं. समजा, चाळीस लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी काढलं, तर व्याज महिन्याला सुमारे ३३ हजार रुपये होतं. कोर्स सहा महिने रेंगाळला की दोन लाख गेले, म्हणजे तासामागे हजार रुपये वाचवून जे मिळालं असतं तेवढेच. ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात वर्षातले बहुतेक दिवस उड्डाणाचे असतात, आणि ही गळती तिथे कमी होते.

परदेशात जोखीम दुसरीकडे आहे. फी डॉलरमध्ये आणि हप्त्याहप्त्याने जाते. २०१० मध्ये डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता, २०२३ च्या अखेरीस त्र्याऐंशीच्या. चाळीस हजार डॉलरचा कोर्स त्यामुळे १८ लाखांवरून ३३ लाखांवर गेला, शाळेने एक सेंटही न वाढवता. व्हिसा, राहणं-खाणं आणि विमा हे वेगळे. तारणाशिवाय मिळणारं शैक्षणिक कर्ज बँकांत सहसा साडेसात लाखांपर्यंत असतं आणि शेतजमीन तारण घ्यायला अनेक बँका नाखूश असतात. मग उसाच्या शेतीवर चालणाऱ्या घरात राहतं घरच पणाला लागतं.

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते मात्र लॉगबुकात. लॉगबुकातली प्रत्येक ओळ तारीख, विमानाची नोंदणी, कुठून कुठे आणि किती वेळ हे सांगते. पुढचे रकाने मुख्य वैमानिक, इन्स्ट्रक्टरबरोबर, रात्र आणि इन्स्ट्रुमेंट असे असतात. भारताच्या नियमात २०० पैकी १०० तास मुख्य वैमानिक म्हणून हवेत. त्यांत २० तास क्रॉस-कंट्री, आणि एक सफर किमान ३०० सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. हे अंतर कोल्हापूर-मुंबई हवाई अंतराच्या सुमारे पावणेदोन पट भरतं. दहा तास इन्स्ट्रुमेंटचे, पाच तास रात्रीचे आणि रात्रीची दहा उड्डाणं-अवतरणंही लागतात.

अमेरिकेचे नियम वेगळे. तिथे मान्यताप्राप्त शाळेत १९० तासांतही कमर्शियल परवाना मिळू शकतो, म्हणजे इथल्या हिशेबाला दहा तास कमी. शिवाय खासगी परवाना हाती आला की इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतानाही, कंट्रोल स्वतःच्या हातात असेल तर तो तास मुख्य वैमानिक म्हणून लिहिता येतो. भारतीय हिशेबात तोच तास शिकाऊ धरला जातो. तिथे बिनचूक वाटलेलं लॉगबुक इथे वीस-तीस तासांनी तोकडं निघू शकतं. तासांची आखणी निघण्यापूर्वीच भारतीय नियमांवर बेतली तर हे टळतं.

परतल्यावरचं काम म्हणजे कन्व्हर्जन, परदेशी परवान्याचं भारतीय परवान्यात रूपांतर. परवाना देणाऱ्या देशाकडून त्याची पडताळणी होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, एअर रेग्युलेशन्सचा पेपर आणि नेव्हिगेशन-मिटिऑरॉलॉजीचा एकत्रित पेपर ७० टक्क्यांनी सुटावा लागतो. रेडिओ परवाना वेगळा. कौशल्यचाचणी ठरावीक मुदतीतली लागते. ती शिळी झाली की पुन्हा भाड्याच्या विमानात तास घालावे लागतात. या महिन्यांचं व्याज शाळेच्या कोटेशनमध्ये कधीच दिसत नाही.

दरम्यान देशातली स्थितीही बदलते आहे. एअरपोर्ट्स अथॉरिटीने २०२० च्या धोरणात उड्डाणशाळांवरची रॉयल्टी काढून टाकली. २०२१ मध्ये बेळगाव आणि जळगावसह पाच विमानतळांवर नव्या शाळांना जागा मिळाल्या. शिकाऊ विमानांना लागणारं एव्हिएशन गॅसोलीन पूर्वी आयात व्हायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात बनवायला सुरुवात केली. डीजीसीए-मान्य उड्डाण-प्रशिक्षणावर जीएसटी लागत नाही, हे जीएसटी परिषदेने २०२४ मध्ये स्पष्ट केलं. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले, तोवरचे सर्वाधिक.

सीपीएल मिळालं तरी एअरबस किंवा बोइंग चालवण्यासाठी त्या विमानाचं टाइप रेटिंग वेगळं करावं लागतं, त्यालाही लाखांत खर्च येतो, आणि तो मूळ कर्जातच धरलेला बरा. कुठल्याही शाळेला ॲडव्हान्स देण्यापूर्वी क्लास-वन मेडिकल पूर्ण करणं हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक वेळा मागे ढकलला जाणारा टप्पा. रंग ओळखण्यातली उणीव किंवा हृदयाची एखादी तक्रार तिथेच उघड होते, आणि तेव्हा घर अजून गहाण पडलेलं नसतं.