गर्दीला चेहरा कुणी दिला? चिरनेर, १९३०

१७४८ साली ॲमस्टरडॅममध्ये करवसुलीविरुद्ध दंगल झाली. सरकारने म्होरक्यांना भर चौकात फाशी दिली, आणि त्या फाशीची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली गेली. अशा चित्रात एकच बघायचं: चेहरा कुणाला दिलाय आणि कुणाला नाही.

आता आपल्या उरणला या. २५ सप्टेंबर १९३०, चिरनेरजवळचा अक्कादेवीचा डोंगर. जंगल कायद्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या रानातलं लाकूड तोडणं गुन्हा ठरलं होतं. तोच कायदा मोडायला आसपासच्या गावांतले लोक डोंगरावर जमले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही गेले. मामलेदार जोशीही त्यातच मेले.

सरकारच्या बाजूने कोरलं असतं, तर ‘दंगल मोडून काढली’ एवढंच चित्र उरलं असतं. पण चिरनेरने नावं जपली: धाकू फोफेरकर, नवश्या कातकरी, रामा कोळी, आनंदा पाटील, रघुनाथ न्हावी, परशुराम पाटील, हसुराम घरत, आलू म्हात्रे. आज दर २५ सप्टेंबरला तिथे पोलीसच मानवंदना देतात.

जुनं चित्र मोबाईलवर दिसलं की गर्दीवर झूम करा. ती माणसं कोण होती, ते शोधा. भेटू पुढच्या भागात!