होईल का, आणि किती वेळात?

चेन्नईला शिकावयास गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचा पहिला धडा मिळतो तो बहुधा खानावळीत. इडलीचे जे पीठ पुण्याच्या पौषातल्या थंडीत सकाळ झाली तरी फुगायचे नाव घेत नाही, तेच तेथे रात्रीतून पातेल्याबाहेर येऊ पाहते. पीठ तेच, वेग मात्र निराळा.

गिंडीच्या वनराईत 1959 साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने तंत्रविज्ञान संस्था उभी राहिली. तेथे काय किंवा अन्यत्र काय, ऊष्मागतिकी आणि रासायनिक गतिकी हे विषय विद्यार्थ्याला जोडीनेच भेटतात. दोन्हींत तापमान आणि दोन्हींत ऊर्जा, म्हणून घोटाळा होतो. समीकरणे मुखोद्गत असलेली हुशार मुलेही येथे फसतात. कारण आपल्याला विचारले काय आहे, हेच ती पाहत नाहीत. विक्रिया होऊ शकेल का आणि कोठवर जाईल, हे ऊष्मागतिकी सांगते. तिला किती वेळ लागेल, याबद्दल ती चकार शब्द काढीत नाही. तो प्रांत गतिकीचा.

चेन्नईजवळच मणली येथे खतांचा कारखाना आहे. तेथे 1971 साली उत्पादन सुरू झाले. युरियासाठी लागणारा अमोनिया नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या संयोगाने होतो. ऊष्मागतिकीच्या मते हा संयोग साध्या तापमानालाही व्हावयास हरकत नाही. पण हे वायू बरणीत कोंडून जन्मभर वाट पाहा, काही घडणार नाही! नायट्रोजनच्या दोन अणूंची मिठी फार घट्ट असते. बरे, तापवावे, तर वेग वाढतो; परंतु या संयोगात उष्णता बाहेर पडत असल्याने तापमानाबरोबर अमोनियाचा वाटा घटतो. एक शास्त्र म्हणते थंड ठेवा, दुसरे म्हणते तापवा. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 साली उच्च दाब आणि उत्प्रेरक यांच्या बळावर यातून वाट काढली आणि कार्ल बॉश यांनी 1913 पर्यंत तिचा कारखाना केला. चार घनफळ वायूंतून दोनच घनफळ अमोनिया होतो, म्हणून दाब उपकारक. आजही सुमारे 400 ते 500 अंश सेल्सियस तापमान, शंभराहून अधिक वातावरणांचा दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक, अशीच तडजोड सामान्यतः असते.

उत्प्रेरकाने समतोलातला अमोनिया वाढतो का? परीक्षेत पुष्कळजण ‘हो’ लिहून येतात. तो तसूभरही वाढत नाही. मुक्काम तोच राहतो, तेथे लवकर पोहोचता येते इतकेच. तरीही उत्प्रेरकावाचून कारखाना चालावयाचा नाही. कारण त्याच्यामुळेच कमी तापमानावर भागते. एका फेरीत थोड्याच वायूचा अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा त्याच भट्टीत सोडतात.