बिघाड तोच, निर्णय निराळा

समजा, साताऱ्याची एक विद्यार्थिनी उच्च शिक्षणासाठी जर्मनीत गेली आहे. शैक्षणिक कर्जातून घेतलेला तिचा लॅपटॉप तिसऱ्या वर्षी एकाएकी बंद पडतो. घरचे सांगतात, "दुरुस्त करून घे, त्यात काय एवढे!" तिथल्या मैत्रिणी म्हणतात, "टाकून दे, नवा घे." गंमत अशी, की दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ते कसे, हे आपण पाहू.

जागा बदलली की हिशेब बदलतो

दुरुस्तीच्या खर्चाचे मुख्य घटक दोन: सुटा भाग आणि कारागिराचा वेळ. लॅपटॉपचे भाग जगातल्या मोजक्या देशांत तयार होतात. त्यामुळे पडदा किंवा बॅटरी यांची किंमत सांगलीत आणि जर्मनीत फारशी वेगळी नसते. नव्या लॅपटॉपचेही तसेच. वेळेची किंमत मात्र फार निराळी असते. जर्मनीत २०२५ साली कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला १२.८२ युरो होती. कुशल कारागिराची मजुरी, दुकानाचे भाडे आणि कर हे त्याच्या वर. म्हणून ज्या कामात वेळ जास्त आणि सामान थोडे लागते, उदाहरणार्थ मुख्य फलकावरचा एखादा बारीक घटक शोधून बदलणे, ते काम सांगलीत परवडते, परदेशात बहुधा परवडत नाही. उलट पाच मिनिटांत बदलता येणारा भाग कुठेही परवडतो.

आधी निदान

तेव्हा पहिला प्रश्न 'किती खर्च येईल?' हा नसून 'बिघाड कुठे आहे?' हा आहे. काही तपासण्या घरच्या घरी करता येतात. दिवाच लागत नसेल, तर प्रथम दुसऱ्याचा, पण त्याच जातीचा चार्जर लावून पाहावा. भारतात आणि जर्मनीत घरगुती वीज २३० व्होल्टची असते, अमेरिकेत १२० व्होल्टची. बहुतेक चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे छापलेले असते. तो चार्जर दोन्हीकडे चालतो, फक्त पिनांचा आकार जुळवावा लागतो. यंत्र सुरू होते पण चित्र दिसत नाही, अशा वेळी बाहेरचा पडदा जोडावा. त्यावर चित्र आले, तर दोष लॅपटॉपच्या पडद्यात किंवा त्याच्या जोडणीत असण्याचा संभव अधिक.

पाणी सांडले असेल, तर गोष्ट वेगळी. शुद्ध पाण्यातून वीज फारच कमी वाहते. घात करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. त्यांच्यामुळे पाण्यातून प्रवाह वाहू लागतो, विद्युत विघटन होते आणि फलकावरच्या तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. घरांत आणि दुकानांत गाळाचे पाणी शिरले. अशा वेळी भिजलेले यंत्र 'चालते का पाहू' म्हणून सुरू करणे हीच सर्वांत मोठी चूक. बटण दाबू नये, बॅटरी सोडवून घ्यावी आणि फलक स्वच्छ करून घ्यावा. तांदळात पुरून ठेवल्याने क्षार निघत नाहीत.

थोडे गणित

नवा लॅपटॉप ६०,००० रुपयांचा आणि तो पाच वर्षे चालेल, असे धरू. म्हणजे वर्षाला १२,००० रुपये. परदेशात दुरुस्तीला एकूण १५,००० रुपये लागतात, त्यांपैकी ५,००० रुपये केवळ तपासणीचे. ते यश आले नाही तरी द्यावेच लागतात. यशाची शक्यता निम्मी आहे असे समजू.

असे दोन लॅपटॉप दुरुस्तीला दिले, तर सरासरीने एक दुरुस्त होईल. खर्च १५,००० + ५,००० = २०,००० रुपये. दुरुस्त झालेला लॅपटॉप दोन वर्षे चालणार असेल, तर वर्षाला १०,००० रुपये पडले. दुरुस्ती बरी. एकच वर्ष चालणार असेल, तर वर्षाला २०,००० रुपये. मग नवा बरा. आता सांगलीत हेच काम ५,००० रुपयांत होते आणि तपासणीचे फक्त ५०० रुपये पडतात, असे धरा. खर्च ५,५०० रुपये. लॅपटॉप एकच वर्ष चालला तरी दुरुस्ती फायद्याची.

या आकडेमोडीत लॅपटॉपची मूळ किंमत कुठेच आली नाही, हे ध्यानात घ्यावे. 'एवढे पैसे घातले आहेत' हा विचार मनाला सुटत नाही. पण गेलेला पैसा दोन्ही पर्यायांत गेलेलाच असतो.

वस्तूची घडण

मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारी आणि तंबोरे घडवले जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. ते सरकवता येतात, बदलता येतात. घोडी झिजली तर घासून जवारी पुन्हा काढता येते. झिजणारा भाग वेगळा करता येईल, अशीच ही घडण आहे. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत मात्र स्मृतीच्या चिपा फलकावरच डाखलेल्या असतात आणि बॅटरी चिकटवलेली असते. एक चिप गेली की सगळा फलक बदलायची पाळी येते. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी 'दुरुस्तीक्षमतेचे गुण' छापावे लागतात, ते यासाठीच. खरा निर्णय विकत घेतानाच निम्मा झालेला असतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली, माहितीची. प्रबंधाची दुसरी प्रत नसेल, तर प्रश्न लॅपटॉपचा राहत नाही. तबकडी किंवा चिप वेगळी काढता येत असेल, तर ती दुसऱ्या यंत्राला जोडून माहिती आधी उतरवून घ्यावी. दुसरी, बॅटरीची. 'सुट्टीत गावी नेऊन दुरुस्त करू' हा विचार चांगला. पण फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ती विमानातून नेऊ नये, टपालानेही पाठवू नये. तिथेच संकलन केंद्रात द्यावी.

२०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला. त्यातला सुमारे २२ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेला. लॅपटॉपच्या जोडण्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. खानापूर-विट्याकडच्या गलाई कारागिरांच्या मुलखात हे वेगळे सांगायला नको. परंतु ते सोने घरी आम्ल वापरून काढणे अतिशय धोक्याचे आहे.

वर्गात करून पाहा

प्रत्येक विद्यार्थ्याने घरातली एक बंद पडलेली वस्तू निवडावी: पंखा, मिक्सर, रेडिओ. नव्याची किंमत, दुरुस्तीचा खर्च, तपासणीचे पैसे आणि पुढे किती वर्षे चालेल याचा अंदाज, अशी चार घरे भरावीत आणि वर्षाचा खर्च काढावा. मग मजुरी पाचपट करून तोच हिशेब पुन्हा मांडावा. कोणत्या वस्तूंचा निर्णय बदलला आणि कोणत्यांचा नाही, याची यादी फळ्यावर लिहिली, तर चर्चेला एक तास पुरणार नाही.