नवा पाहुणा जेवत नाही?

हौसेनं अॅक्झोलोटल घरी आणला आणि पठ्ठ्या दोन दिवस तोंडच उघडेना! टेन्शन येणारच. पण आधी थर्मामीटर बघा. मेक्सिकोच्या सोचिमिल्को तलावातला हा गारव्याचा जीव. पाणी 16 ते 18 अंश हवं. 24च्या वर गेलं की तो आजारी पडतो. आपल्या मे महिन्यात चिलरशिवाय हे जमणं अवघडच (दुकानात हे कुणी सांगत नाही!).

लाइट बंद ठेवा, लपायला आडवं मडकं द्या. संध्याकाळी चिमट्यात गांडूळ धरून तोंडापुढे हळूच हलवा. नजर अधू असते त्याची. काही हललं की गपकन ओढतो. नाहीच खाल्लं तर उरलेलं लगेच काढा, नाहीतर पाण्यात अमोनिया वाढतो. मोठ्याला चार दिवसांचा उपास चालतो, पिल्लाला मात्र नाही.