परदेशी रुग्णांचे भारतातील मूत्रपिंड प्रत्यारोपण

परदेशी नागरिकांची भारतातील मूत्रपिंड प्रत्यारोपणे मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ आणि त्याखालील २०१४ चे नियम यांनुसार होतात. भारतातील पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण मे १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाले. पुढे गरजू माणसांची मूत्रपिंडे विकत घेण्याचा व्यापार वाढल्याने हा कायदा करण्यात आला. तो ४ फेब्रुवारी १९९५ रोजी ज्या राज्यांत प्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र होता.

दाता कोण असू शकतो

परदेशी रुग्णाच्या नियोजनात खर्चापेक्षाही हा प्रश्न आधी येतो. रुग्ण परदेशी व दाता भारतीय असेल, तर दोघे निकटचे नातेवाईक असल्याखेरीज प्रत्यारोपणास परवानगी मिळत नाही. पती-पत्नी, आई-वडील, मुले आणि भावंडे हे कायद्याने निकटचे नातेवाईक होत. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांची त्यांत भर पडली. काका, मामा, मावशी व चुलत-मावस भावंडे या व्याख्येत येत नाहीत. मराठी घरांत चुलतभावाला सख्ख्यासारखेच मानतात. कायदा मात्र तसे मानत नाही. दोघेही भारतीय असते, तर केवळ स्नेहापोटी दान करण्यासही समितीच्या संमतीने वाव असतो. परदेशी पारपत्र घेतल्यावर ती वाट बंद होते.

उदाहरणार्थ, भिवंडी तालुक्यातील राहनाळ येथील बहीण परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या आपल्या सख्ख्या भावास मूत्रपिंड देऊ शकते. परंतु असे प्रस्ताव अधिक सावधगिरीने तपासावेत, असे नियम सांगतात. दाता स्त्री असल्यास तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून पडताळली जाते. कुटुंबाच्या दबावाखाली दिलेला होकार ओळखण्यासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

मेंदूमृत दात्याच्या अवयवाची आशा परदेशी रुग्णाने फारशी धरू नये. वाटपात राज्य, विभाग व देश यांतील रुग्णांनंतर भारतीय वंशाच्या व्यक्तींचा आणि सर्वांत शेवटी अन्य परदेशी रुग्णांचा क्रम लागतो.

परवानगी व कागदपत्रे

दाता किंवा रुग्ण परदेशी असल्यास, नाते निकटचे असले तरी प्रस्ताव प्राधिकार समितीपुढे जातो. दोघांच्या नात्याविषयी संबंधित देशाच्या दूतावासातील वरिष्ठ अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. भारतात दूतावास नसल्यास त्या देशाच्या शासनाचे. समितीपुढील मुलाखतीचे चित्रीकरण होते. हे सोपस्कार पूर्ण होईपर्यंत रुग्णाचे डायलिसिस चालूच ठेवावे लागते, म्हणून जन्मदाखले, विवाहाचे दाखले व त्यांची भाषांतरे मायदेशीच तयार करून घेणे श्रेयस्कर. रुग्णास वैद्यकीय व्हिसा आणि सोबतच्या व्यक्तींस परिचारक व्हिसा घ्यावा लागतो.

कागदांची ही छाननी अनाठायी नाही. २०१६ मध्ये पवईतील एका रुग्णालयात, बनावट कागदपत्रांच्या आधारे रुग्णाची पत्नी म्हणून उभ्या केलेल्या स्त्रीचे मूत्रपिंड काढण्याची शस्त्रक्रिया पोलिसांनी थांबवली. अवयवांच्या खरेदी-विक्रीस ५ ते १० वर्षे कारावास व २० लाख ते १ कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे.

शस्त्रक्रियेनंतर

नवे मूत्रपिंड शरीराने नाकारण्याचा व जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो. त्यामुळे लगेच परतणे इष्ट नसते. टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे पुढे नियमित घ्यावी लागतात. ती मायदेशी मिळतात का आणि रक्तातील त्यांचे प्रमाण तेथे तपासता येते का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. दात्याचीही वार्षिक तपासणी आवश्यक असते.