जुन्या मॉडेलची स्वस्त एलईडी टॉर्च घ्यावी का?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठण, गंगापूर, वैजापूर या भागांत शेतीची वीज रात्रपाळीत आली की अंधारातच दारे धरायला जावे लागते. बांधावर साप-विंचवाची भीती असते; तिथे टॉर्च मध्येच विझून चालत नाही. मग दुकानात स्वस्तात मिळणारी जुन्या मॉडेलची टॉर्च घ्यावी का?

गावाकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात, आणि खरी मेखही तिथेच आहे. एलईडी हजारो तास टिकतो. आधी दगा देते ती बॅटरी. थेट सॉकेटमध्ये लावायची पिन असलेल्या अनेक जुन्या टॉर्चमध्ये ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती न वापरताही हळूहळू उतरते. तशीच अनेक महिने पडून राहिली, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि ती पूर्ण चार्ज होत नाही. म्हणून किमतीआधी उत्पादनाची तारीख वाचावी.

पुढचा हिशेब सोपा आहे. ४ व्होल्ट आणि १२०० एमएएच म्हणजे ४.८ वॉट-तास. १ वॉटचा एलईडी त्यावर कागदोपत्री पावणेपाच तास चालतो, प्रत्यक्षात कमी. घरी पूर्ण चार्ज करून टॉर्च सलग लावून पाहावी. पाणी द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ पुढची वाट स्पष्ट दिसली, तर स्वस्तातली खरेदी फायद्याची. नाही तर बिल दाखवून लगेच बदलून घ्यावी.

चार्जिंगला लावलेली टॉर्च ओल्या हाताने धरू नये. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करावी.